नांगर

टर्नक्विस्ट नावाच्या पाणबुड्याने
सत्तर फुटांवरून वर काढला हा दगड.
मधोमध आरपार भोक,
अंगावर शेवाळाची झूल.
ट्रकमध्ये लोटताना कंबर धरली त्याची,
तरी हसत होता. इतिहास उचलला होता ना.

मग कोटातली माणसं आली कॅलिफोर्नियाच्या आमच्या या गावात.
सभागृहात मी कॉफी ओतत होते.
मी म्हणजे क्वोक सुइ-हान, नगरपालिकेत कारकून.
एकाने वाचलं जुन्या चिनी दरबाराच्या नोंदीतलं पान:
कुणी एक भिक्खू सांगत आला,
पूर्वेला वीस हजार ली, तिथे फूसांग नावाचं झाड,
कोंब खावेत बांबूसारखे, फळ लाल,
सालीचं कापड,
गावाला तट नाही, माणसाला शस्त्र नाही,
आणि त्याच्याही आधी
पाच भिक्खू पोथ्या घेऊन येऊन गेलेले.
"म्हणजे इथेच!" म्हणाला,
आणि नकाशावर बोट टेकवलं
नेमकं आमच्या धुण्याच्या दोरीवर.

दुसऱ्याने चित्रं दाखवली.
मेक्सिकोतल्या मूर्तींची मांडी पाहा, म्हणे,
तळहात पाहा, कमळ पाहा.
कमळ कुठल्याही डबक्यात येतं,
आणि मांडी तर दमलेला कुणीही घालतो.
पण मी गप्प राहिले.

खरं सांगते, मलाही हवं होतं ते.
शाळेच्या फाटकाशी
"जा परत आपल्या देशात" म्हणणारी ती पोरं,
त्यांच्या पणजोबांची जहाजं
बांधायलाही घेतली नव्हती कुणी,
तेव्हा इथे कुणीतरी उतरलं होतं, मुंडन केलेलं,
माझ्यासारख्या डोळ्यांचं.
किती रात्री मी त्याला किनाऱ्यावर उतरवला.
चिवराचं टोक पिळताना पाहिला.

सहा आठवड्यांनी एक भूगर्भवाली बाई आली.
दगडाचा कपचा नखाएवढा, काचेखाली.
"हा इथलाच," ती म्हणाली, "या समोरच्याच कड्याचा.
माफ करा."
कॉफी निम्मी उरली त्या दिवशी.
पेपरात ओळसुद्धा नाही.
टर्नक्विस्टने दगड परसात टाकला,
त्याच्या कुत्र्याला सावली झाली.

मी कू-पोला सांगितलं,
आजोबांची बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, शेंगा सोलत बसलेली.
"भोक?" ती म्हणाली. "केवढं?"
मी हातांनी दाखवलं.
"ते माझ्या बापाने पाडलं."

जमीन नावावर होईना,
तेव्हा नांगर पाण्यात टाकला.
लोखंडाचा परवडत नव्हता, म्हणून कड्याचा धोंडा,
तीन दिवस छिन्नी. तळहात फुटलेले.
ॲबलोनी काढायचे, उकडायचे, वाळवायचे,
गावाला वास सहन होईना,
एका रात्री झोपड्या पेटल्या.
कुणी पेटवल्या? शेंग सोलली तिने.
"दोर तुटून दगड गेला तेव्हा
बाप दोन दिवस जेवला नाही. मी सहा वर्षांची.
होडी वाहून गेली असती तर बरं, म्हणायचा,
होडी उसनी होती, दगड माझा होता."

मग आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली.
डब्यात क्वान-यिन, बोटभर, मान चिकटवलेली.
कँटनहून बापाच्या बंडीत शिवून आलेली.
बंदरावर झडती झाली, पण शिवण कुणी उसवली नाही.

तेवढंच.
भिक्खू आला असेल, नसेलही.
अजून कधी धुकं असलं की मी बघते खाली,
सवय जात नाही.

टर्नक्विस्टने पैसे घेतले नाहीत. उलट विचारलं,
"घेऊन काय करणार?"
मागच्या दाराला टेकू आहे आता.
आणला त्या दिवशी कू-पो काठी सोडून खाली बसली,
भोकात हात घातला कोपरापर्यंत,
चाचपत राहिली आतली कड.
"खरबरीतच राहिलंय," म्हणाली.
"म्हणून दोर कापला गेला.
घाई केली त्याने."